क्रेडिट कार्डाची वार्षिक फी माफ करून घेताना या चुका टाळा

फी माफ झाली नाही की बँक ऐकतच नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बरेचदा मागणीच चुकलेली असते: दिवस चुकतो, माणूस चुकतो, नाहीतर हिशेब केलेला नसतो. कार्ड तुमच्याकडे राहावं यात बँकेचाही फायदा असतो. तुमच्या प्रत्येक खरेदीवर दुकानदार जे शुल्क भरतो, त्यातला एक हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. म्हणून वापरात असलेलं कार्ड टिकवण्यासाठी ती बरेचदा काहीतरी सोडायला तयार असते. मागायचं मात्र बँकेकडेच. व्हिसा किंवा मास्टरकार्ड ही नेटवर्कं आहेत, तुमची फी त्यांच्या हातात नसते.

हिशेब न करता फोन लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. समोरचा ऑफर सांगतो, ती ऐकायला छान वाटते, आपण ‘हो’ म्हणतो, आणि फीचा जेमतेम निम्मा भाग भरून निघाला हे नंतर कळतं.

फी १०० धरू; तुमचा आकडा काहीही असो, प्रमाण तेच राहतं. ऑफर अशी आहे: तीन महिन्यांत ६,००० खर्च करा आणि ४०० पॉइंट मिळवा. ४०० हा आकडा फीच्या चौपट दिसतो. पण ते पॉइंट बिलात वळते केले आणि एका पॉइंटची किंमत ०.२० धरली गेली, तर हातात ८० येतात. शिवाय हे ६,००० तुम्ही एरवी दुसऱ्या कार्डावर खर्च केले असते. ते कार्ड १ टक्का परत देत असेल तर तिथे ६० मिळाले असते. हे कार्ड अर्धा टक्काच देतं, म्हणजे ३०. इथे ३० बुडाले. ऑफरची खरी किंमत उरली ५०. याच्यापुढे थेट ६० माफ करणारी साधी ऑफर सरस ठरते, कारण तिच्यात अटही नाही आणि मुदतही नाही.

म्हणून फोन करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: फी (तुमच्याकडे फीवर कर लागत असेल तर तो धरून), गेल्या १२ महिन्यांत कार्डाने खरोखर दिलेला फायदा, आणि ज्याच्या खाली कार्ड ठेवायचं नाही तो किमान आकडा. फायदा मोजताना न वापरलेल्या सवलती शून्य धरा. विमानतळावरच्या लाउंजची किंमत माहितीपत्रकात कितीही असू दे, वर्षभरात तुम्ही तिथे एकदाही गेला नसाल तर तुमच्यासाठी तिची किंमत शून्यच.

फार लवकर किंवा फार उशिरा विचारणं

फी कॅलेंडर वर्षाप्रमाणे लागत नाही, कार्ड सुरू झालं त्या महिन्याप्रमाणे लागते. चार महिने आधी विचारलं तर ‘अजून फी लागलेली नाही’ हे उत्तर ठरलेलं. उशीर झाला तर परतीची मुदत निघून जाते. फी बिलात दिसल्यानंतर ठरावीक दिवसांत कार्ड बंद केलं तर ती परत मिळते, अशी सोय अनेक कार्डांच्या अटींत असते. दिवस प्रत्येक कार्डाचे वेगळे, तेव्हा तुमच्या कार्डाच्या अटी उघडून पाहा आणि मोबाइलवर आठवण लावून ठेवा. बिलात फी दिसल्यावर पहिल्या आठवड्यात फोन करणं सहसा सोयीचं पडतं: मुद्दा समोर असतो आणि हातात वेळही असतो.

‘वर्षभरात इतका खर्च केला तर फी माफ’ अशी अट असलेल्या कार्डांवर तर काठावर येऊन बुडणारे पुष्कळ. कारणं बहुतेक ठरलेली असतात. खरेदी केल्याच्या तारखेऐवजी व्यवहार खात्यात पक्का झाल्याची तारीख धरली जाते, आणि मध्ये दोन-तीन दिवस जातात. परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. रोख काढलेले पैसे, व्याज आणि दंड मोजले जात नाहीत. बऱ्याच कार्डांवर घरभाडं, इंधन आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसेही मोजत नाहीत. वर्ष संपायच्या किमान १० दिवस आधी अट पूर्ण करा आणि थोडा जास्तीचा खर्च हाताशी ठेवा.

चुकीच्या माणसाशी घासाघीस

फोन पहिल्यांदा उचलणाऱ्याकडे फी माफ करण्याचा अधिकार बहुधा नसतो किंवा फार थोडा असतो. त्याच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. ग्राहक टिकवण्यासाठी अनेक बँकांत वेगळा विभाग असतो. कार्ड बंद करण्याबद्दल बोलायचं आहे असं सांगितलं की कॉल बरेचदा तिकडे वळतो. पण अ‍ॅपमधल्या ‘कार्ड बंद करा’ या बटणाला नुसतं बघायला म्हणून हात लावू नका. काही ठिकाणी त्याने थेट विनंतीच नोंदवली जाते.

बोलणं थोडक्यात ठेवा: “या बिलात वार्षिक फी लागली आहे. वर्षभरात या कार्डावर मी इतका खर्च केला, सगळी बिलं वेळेवर भरली. फी धरली तर कार्ड ठेवणं परवडत नाही. बंद करण्याआधी विचारायचं होतं, फी माफीची किंवा ती भरून निघेल अशी काही ऑफर माझ्या खात्यावर आहे का?” आणि गप्प बसा. समोरचा स्क्रीन बघत असतो, त्याला बघू द्या. पहिली ऑफर आली की “याशिवाय दुसरी काही दिसते का?” एवढं जरूर विचारा. पूर्ण माफी, बिलात काही रक्कम जमा, बोनस पॉइंट, खर्चाशी बांधलेली सूट असे प्रकार असतात आणि एकापेक्षा जास्त ऑफर उपलब्ध असू शकतात.

‘आत्ताच्या आत्ता बंद करा’ ही धमकी तयारी असेल तरच द्या. समोरच्याने खरंच बंद केलं, तर ते खातं पुन्हा उघडून मिळेलच असं नाही. नकार आला तर “विचार करून कळवतो” म्हणून फोन ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा करा. ऑफर अधूनमधून बदलतात. रोज फोन करू नका. प्रत्येक कॉलची नोंद खात्यावर राहते.

वाद चालू आहे म्हणून फी न भरणं

हे कधीही करू नका. फी बिलाचाच भाग असते. ती थकली की उशिराचं शुल्क लागतं, व्याज सुरू होतं, आणि अनेक कार्डांवर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तुम्ही १०० वाचवायला जाता आणि त्याहून जास्त घालवून बसता. आधी संपूर्ण बिल भरा. माफी नंतर मंजूर झाली तर रक्कम खात्यात जमा दिसेल आणि पुढच्या खरेदीत वळती होईल. बिल निघाल्यानंतर आलेली जमा त्या बिलाची किमान देय रक्कम कमी करतेच असं नाही, तेव्हा ‘ती जमा झालीय ना’ म्हणून भरणा टाळू नका.

घाईने कार्ड बंद करणं

बंद करण्याआधी फी नसलेल्या किंवा कमी फीच्या प्रकारात कार्ड बदलून मिळतं का, ते विचारा. बरेचदा खातं तेच राहतं, त्याचा जुना इतिहासही टिकतो.

बंदच करायचं ठरलं, तर पॉइंट आधी वापरून टाका. कार्डासोबत ते बहुधा जातात. हप्ते चालू असतील तर उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाऊ शकते. आपोआप कापली जाणारी बिलं दुसऱ्या कार्डावर हलवा. घरच्यांना दिलेली जोडकार्डंही बंद होतात, त्यांना आधी सांगा. आणि लिमिटचा हिशेब करा: दोन कार्डांची मिळून लिमिट ३०० आणि वापर ६० असेल तर वापर २० टक्के. त्यातलं १८० लिमिटचं कार्ड बंद केलं की लिमिट उरते १२०, आणि तोच ६० चा वापर आता ५० टक्के होतो. क्रेडिट स्कोअर काढताना हे प्रमाण बघितलं जातं. लवकरच मोठं कर्ज काढायचं असेल तर थांबा.

‘झालं’ म्हणून सोडून देणं

ऑफर घेताना हे विचारून घ्या: रक्कम किती, करासकट की कर सोडून, कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल, आणि पुढचे १२ महिने कार्ड ठेवण्याची अट आहे का. अशी अट मोडली तर दिलेली सूट परत कापली जाऊ शकते. विनंती क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. चॅटवर बोलला असाल तर संभाषणाचा स्क्रीनशॉट घ्या.

‘तुमची फी माफ करतो, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन स्वतःहून आला तर तो फसवणुकीचाच समजा आणि लगेच ठेवा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा.

पुढची दोन बिलं ओळ न् ओळ तपासा. सांगितलेल्या तारखेला जमा दिसली नाही, तर नव्याने घासाघीस सुरू करू नका. जुना विनंती क्रमांक आणि स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार द्या आणि ‘आधी मंजूर झालेली रक्कम जमा झालेली नाही’ एवढंच लिहा.