भर उन्हात फुटबॉल: पाणी पाजलं म्हणजे पोरं थंड झाली असं नाही, या चुका टाळा

एप्रिल-मे आला की आपल्याकडं टर्नामेंटांना ऊत येतो. परीक्षा संपलेल्या असतात, ग्राऊंड मोकळी असतात, आणि दिवसात चार मॅचेस उरकायच्या म्हणून पहिली लागते ती रणरणत्या दुपारी. बेळगावचं लेले मैदान असो की खानापूर-निपाणीकडचं एखाद्या शाळेचं पटांगण, तयारी ठरलेली: पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट, ग्लुकोजचा डबा, झालं. पण पाणी घामाची भरपाई करतं. अंगात साठलेली उष्णता बाहेर काढणं हे वेगळं काम आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा तीन-चतुर्थांश भाग उष्णताच होतो, आणि उन्हात ती बाहेर पडते मुख्यतः घाम वाळल्यावर. जो घाम नुसता गळून मातीत पडतो, त्याचा काही उपयोग नाही.

नुसता पारा बघणं

"आज पस्तीसच आहे की ओ, काय होत नाही!" हे वाक्य दर उन्हाळ्यात कानावर पडतं. बेळगावच्या कोरड्या दुपारी घाम पटकन वाळतो. तीच टीम चोर्ला घाट उतरून गोव्यात खेळायला गेली की पारा दोन-तीन अंश खाली असूनही पोरांचे पाय ओढत नाहीत, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही. वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की आपल्याकडंही तीच गत. म्हणून फिफा डब्ल्यूबीजीटी हा निर्देशांक धरते, म्हणजे ऊन, दमटपणा आणि तापमान मिळून काढलेला एक आकडा. त्यात ७० टक्के वजन ओल्या वातीच्या थर्मामीटरला, २० टक्के उन्हातल्या काळ्या गोळ्याला आणि साध्या तापमानाला फक्त १० टक्के. हा आकडा ३२ ओलांडला की कूलिंग ब्रेक. २०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपमध्ये तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. खेळाच्या नियमांतही ९० सेकंद ते ३ मिनिटांच्या कूलिंग ब्रेकला जागा आहे, फक्त स्पर्धेच्या नियमांत तशी तरतूद हवी. तेव्हा एन्ट्री फी भरतानाच ते आयोजकांकडून लिहून घ्या, मॅच चालू झाल्यावर रेफ्रीशी वाद घालू नका. आणि ग्राऊंड आर्टिफिशियल टर्फचं असेल तर आणखी जपा. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ५०-६० अंशांपर्यंत तापतो.

उन्हात लांबलचक वॉर्मअप

थंडीतला अर्ध्या तासाचा वॉर्मअप मे महिन्यात तसाच घेतला की किकऑफच्या आधीच पोरं भाजून निघतात. निम्म्यावर आणा, जमेल तेवढा झाडाखाली घ्या. मग मॅचच्या आधी प्रत्येकाला पेलाभर बर्फाचा चुरा, त्यावर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत. ही चैन नव्हे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. ती उष्णता पोटातूनच ओढली जाते. मात्र बर्फ खाण्याचा हवा. मासळी टिकवायला आणलेली लादी टॉवेल भिजवण्यापुरती. हा प्रयोग आधी प्रॅक्टिसला करून बघा, काहींच्या पोटात कळ येते. मांड्यांवर मात्र किकऑफच्या तोंडावर बर्फ लावू नका, थंड पडलेला स्नायू स्प्रिंटला साथ देत नाही.

हाफटाइमला भाषण

माझी खरी चीड इथं आहे. पंधरा मिनिटं हातात असतात, आणि कोच पोरांना उन्हात गोल उभं करून दहा मिनिटं डिफेन्सचं प्रवचन देतो. आधी सावली. जर्सी काढा. दोन बादल्यांत बर्फाचं पाणी ठेवा, प्रत्येकानं आळीपाळीनं कोपरापर्यंत हात बुडवायचे. गोलकीपरचे ग्लोव्हज आधी उतरवा. पिळलेले गार टॉवेल मानेवर, डोक्यावर, छातीवर टाका, दोन-तीन मिनिटांत कोमट होतात, लगेच बदला. मांडववाल्याकडून स्टँडचा एक पंखा आणलात तर फारच उत्तम, कारण ओलं अंग आणि वारा ही जोडी जमली की खरं काम होतं. रोजा धरलेल्या खेळाडूला तर मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत, एवढाच आधार असतो. भाषण टॉवेल अंगावर असताना द्या, ऐकू येतं.

नुसती डोक्यावर बाटली ओतल्यानं फसगत होते. बरं वाटतं, पण आतलं तापमान फारसं उतरत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून पोरगा जास्त धावतो. मेंथॉलच्या स्प्रेचंही तेच.

"पी, पी" म्हणून साधं पाणी ढोसायला लावणं

मॅचच्या आधी आणि नंतर वजन करा. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर घाम. साठ किलोच्या पोराचं वजन सव्वा किलोच्या वर घटलं तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं तर जास्त झालं, आणि तेही धोक्याचं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस चांगलं, पण पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, अंदाजपंचे नको.

पुण्या-बेंगळूरच्या एसी ऑफिसातून सुट्टीला आलेल्या स्ट्रायकरला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ खेळवू नका. अंगाला ऊन सोसायची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात.

कोसळलेल्याला कांदा हुंगवणं

असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, उगाच चिडतोय, किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात धरा. घाम येत असला तरीही. कांदा नको, पॅरासिटामॉल नको, शुद्ध नसताना तोंडात पाणी तर अजिबात नको. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत गार करत राहा. ताडपत्री पसरा, त्याला मधोमध निजवा, चारी कडा चौघांनी उचलून धरा आणि आत बर्फाचं पाणी ओता. एकानं डोकं पाण्याबाहेर धरायचं. ऊसपट्ट्यात ताडपत्रीला तोटा नाही. तीही नसेल तर अंगभर ओले टॉवेल आणि जोरात वारा. पहिला अर्धा तास मोलाचा, म्हणून गाडीत घालून पळवण्याआधी गार करणं महत्त्वाचं.

तो शुद्धीवर येऊन "आता ठीक आहे की" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. दुसऱ्या दिवशीच्या फायनलच्या यादीतून त्याचं नाव काढा. किमान आठवडाभर मैदान बंद, आणि नंतरही डॉक्टरनं सांगितल्यावरच.