पोटातले जंत: गोळी दिली, तरी परत का पडतात?

आधी जंत कोणता ते बघा. रात्री शौचाच्या जागी खाज सुटते ते सुतासारखे बारीक जंत. त्यांचा मामला वेगळा. गांडुळासारखा, फिकट, वीतभर किंवा त्याहून लांब पडला तर तो गोल जंत. मूल झोपेत दात खातं, गूळ फार खातं, यावरून काही ठरत नाही. शंका असेल तर शौचाची तपासणी करा.

गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅम, एकदाच; १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी. लहानांना चुरून पाण्यातून. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत फुकट मिळते. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, शौच-वारा बंद आहे? मग घरी गोळी नको, सरळ दवाखाना गाठा.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. ‘गोळी दिली, तरी चार महिन्यांत परत पडला’ म्हणणाऱ्या आयांना पुढचं समजावताना मात्र माझी दमछाक व्हायची. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत जातात, दोन-तीन आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात आणि ओल्या, सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पोटात गेलेल्या अंड्यातली अळी आतड्यातून रक्तात, तिथून फुप्फुसात, मग घशाशी येऊन गिळली जाते आणि परत आतड्यात. मधला खोकला कधी तिचाच असतो. ती मोठी होऊन अंडी घालेपर्यंत दोन-तीन महिने जातात. गोळी आतड्यातला जंत मारते, मातीतलं अंडं नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत कुणी उघड्यावर बसत असेल, तर तिथली ओल-सावली अंड्यांना मानवणारच.

आणि आपली मळ्यातली भरीत पार्टी! वांगं भाजलेलं, त्याची काळजी नाही. पण सोबतची कांद्याची पात उपटली, झटकली की थेट ताटात. मिठाच्या पाण्यात बुडवली म्हणजे झालं, हे मला कुणी सांगू नका. अंड्याचं कवच चिवट, मिठाला दाद देत नाही, वर चिकटूनही बसतं. मुळाकडचा भाग कापून टाका, पात सुटी करा, स्वच्छ वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळा. मळ्यात ते जमत नसेल तर त्या दिवशी कच्ची पात खाऊ नका, फोडणीत टाका.

नखं कापा, जेवणाआधी साबण लावा. तान्ह्याची शीही संडासातच टाका, उकिरड्यावर नको. पुढची गोळी साधारण सहा महिन्यांनी. तारीख आशाताईंना विचारा.