प्रांतिक राजकारणात उतरलेल्या वकिलाची कारकीर्द कशी लिहावी

आपल्या तालुक्यातील किंवा घराण्यातील एखादे वकील मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेले होते, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांची कारकीर्द लिहायला बसले की मात्र हाती गौरविकाच येतात, आणि त्यांत सनद (वकिलीचा परवाना), सभासदत्व, मंत्रिपद अशा पायऱ्या तेवढ्या मांडलेल्या असतात. कोर्टात ज्या प्रश्नाशी रोज गाठ पडत होती त्यापैकी कोणता प्रश्न हा माणूस सभागृहात घेऊन गेला आणि तेथे त्याचे काय झाले, हे त्यांतून कळत नाही. लेखन या प्रश्नाच्या मागाने जावे आणि पदे व तारखा त्याच्या आधाराला असाव्यात, असे माझे मत आहे.

आधी ते कोणत्या दर्जाचे वकील होते, हे ठरवावे. मुखत्यार, डिस्ट्रिक्ट प्लीडर (जिल्ह्याच्या कोर्टांत चालणारा वकील), हायकोर्ट वकील, अ‍ॅडव्होकेट, सॉलिसिटर आणि बॅरिस्टर (विलायतेत पात्रता मिळवलेला वकील) हे त्या काळी वेगवेगळे दर्जे होते; १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनंतर ते हळूहळू मिटले आणि आज आपण सर्वांनाच वकील म्हणून मोकळे होतो. घरात सनद असेल तर तिच्यावरील शब्द जसाच्या तसा उतरवून घ्यावा. एका स्मरणिकेवर विसंबून मी एका गृहस्थांना बॅरिस्टर करून टाकले होते; पुढे त्यांच्या नातवाने ट्रंकेतून काढलेली सनद डिस्ट्रिक्ट प्लीडरची निघाली, तेव्हा छापलेला मजकूर मागे घेण्याची नामुष्की पत्करावी लागली.

दर्जा महत्त्वाचा का, तर त्यावरून कामाची रीत कळते. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख झालेले बाळ गंगाधर खेर हे सॉलिसिटर होते आणि १९१८ मध्ये त्यांनी भागीदारीत सॉलिसिटरांची पेढी काढली. अशिलाला धीर देणे, कागद जुळवणे, मसुदे तपासणे आणि उभे राहून बोलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवणे हा त्या पेशाचा स्वभाव. मुंबईतील वकील आणि काँग्रेसचे पुढारी खुर्शेद फ्रामजी नरिमन यांची ख्याती याच्या उलट, आघाडीवर लढणाऱ्याची होती. मुंबईच्या बॅकबे येथे समुद्र बुजवण्यासाठी चाललेल्या भरावातील गैरकारभारावर त्यांनी कोरडे ओढले, त्यावरून हार्वे या अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. १९३७ मध्ये प्रांताच्या कायदेमंडळातील काँग्रेस पक्षाचे नेतेपद नरिमनांना मिळेल, अशी अनेकांची अटकळ असताना ते खेरांकडे गेले आणि मोठा वाद झाला. त्या वादाची कारणे राजकीय होती, ती पेशात शोधू नयेत. पण दोघांच्या वागण्याची ढब समजून घ्यायला पेशा उपयोगी पडतो.

वकिलीचा पुरावा शोधताना लॉ रिपोर्ट चाळावेत. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासून निघत असे. निकालाच्या आधी पक्षकारांची नावे असतात आणि कोणातर्फे कोण उभे होते हे एका लहानशा ओळीत छापलेले असते. ही ओळ डोळ्यांतून सहज निसटते, पण आपले काम तिच्यावरच चालते. अशा नोंदी सापडतील तितक्या काढून अशील कोण होता याचा तक्ता करावा: खोत (कोकणात गावचा सारा वसूल करणारा वतनदार) की कूळ, सावकार की ऋणको, गिरणी की कामगार. तालुका कोर्टातील बहुतेक दावे हायकोर्टापर्यंत जात नसत, त्यामुळे नाव न सापडणे म्हणजे वकिली न चालणे असे धरू नये.

१९२० च्या असहकारात पुष्कळांनी वकिली सोडली, असे चरित्रांत सरसकट लिहिलेले असते. तेथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात: स्वतःहून कोर्ट सोडणे, कोर्टाने सनदेवर कारवाई करणे आणि काही काळाने गाजावाजा न करता परत येणे. तिसरी गोष्ट घरची मंडळी सहसा सांगत नाहीत.

यानंतर सभागृह नीट ओळखावे. १९१९ च्या भारत सरकार कायद्याखालील कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, द्विदल राज्यपद्धती होती. सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे असत. १९३५ चा कायदा प्रांतांत १ एप्रिल १९३७ रोजी अमलात आला, तेव्हा असेंब्ली हे कनिष्ठ सभागृह झाले आणि कौन्सिल हे नाव वरिष्ठ सभागृहाकडे गेले. म्हणून ‘कौन्सिलर’ हा शब्द दिसला की आधी वर्ष पाहावे. सिंध १९३६ मध्ये वेगळा होईपर्यंत मुंबई प्रांतातच होता, हेही विसरू नये. प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत, आणि आजचे वाचक त्याने हमखास गोंधळतात. सभासद निवडून आला होता की नेमलेला होता, हेही लिहावे. डॉ. आंबेडकर १९२७ मध्ये कौन्सिलात आले ते सरकारनियुक्त म्हणून, आणि १९३७ मध्ये असेंब्लीत आले ते मुंबईतून निवडून.

कोर्ट आणि सभागृह कसे गुंतलेले असत, ते महाडच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्यापूर्वी विरोधकांनी दावा लावून १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे तहकूब ठेवण्यात आले. त्या वेळी आंबेडकर बॅरिस्टरही होते, कौन्सिलर होते आणि त्या दाव्यात प्रतिवादीही होते. दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या चरित्रनायकाच्या आयुष्यातही असा एखादा धागा शोधावा आणि ठराव, दावा, निकाल यांच्या तारखा एकाखाली एक लिहून काढाव्यात. निम्मे चरित्र त्यातूनच उभे राहते.

सभागृहातील कामासाठी छापील कामकाज वाचावे, वर्तमानपत्रातील वृत्तांतावर भागवू नये. भाषणांपेक्षा प्रश्न आणि दुरुस्त्या अधिक बोलक्या असतात, कारण वकिलाचा हात कलमातील एखादा शब्द बदलण्यात दिसतो. विधेयक मांडणे आणि कायदा होणे यांत गल्लत करू नये. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, पण ते मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. ‘यांनीच खोती घालवली’ अशी वाक्ये कोकणातल्या अनेक पुढाऱ्यांच्या चरित्रांत सापडतात, तेथे प्रत्येकाचा नेमका वाटा विचारावा. विरोधही नोंदवावा: १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी मुंबईत कामगारांचा संप झाला. त्या विधेयकाच्या बाजूनेही वकील होते आणि विरोधातही.

मंत्रिपदाबद्दल थोडक्यात लिहावे. खात्याच्या मंत्र्याने केलेले काम मंत्रिमंडळातील प्रत्येकाच्या नावावर चढवले जाते, तेवढे टाळले की पुरे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पुष्कळजण पुन्हा कोर्टाकडे वळले. १९४० नंतरचे लॉ रिपोर्ट म्हणून पुन्हा एकदा उघडावेत. ज्या कूळ कायद्याला १९३९ मध्ये आपल्या चरित्रनायकाने हात वर केला, त्याच कायद्याखालच्या दाव्यात ते पुढे कुळातर्फे उभे राहिले की जमीनमालकातर्फे, हे त्या लहानशा ओळीत छापलेले असेल. तो कायदा सगळ्या प्रांतात एकदम लागू झाला नव्हता, तेव्हा आधी जिल्हा तपासावा. अशी ओळ सापडली, तर चरित्राचा आरंभही तेथूनच करावा.