पिचरच्या वहीत न लिहिलेले थ्रो

बेसबॉलच्या स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगमध्ये, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दम घडवण्याच्या कामात, यायचंय म्हणून पाचोरा, अमळनेर, शहाद्याकडची मुलं फोन करतात. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पीरियडायझेशन त्यांना माहीत असतं, ते इथे सांगत बसत नाही. मी जिथं चुकलो ते सांगतो.

बी.पी.एड. करून जळगावात एका संघाबरोबर कामाला लागलो. मेजर लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेतल्या पिचरचा, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याचा, सरावाचा तक्ता नेटवरून उतरवून तसाच भिंतीला लावला. तिकडे सीझन १६२ मॅचचा, पण स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरची पाळी साधारण पाच दिवसांनी येते. मधल्या दिवसांत पायांचं जड लिफ्टिंग, एखादं बुलपेन (मॅचबाहेर बाजूच्या जागेत फेकण्याचा सराव), बाकी हलकं काम. आपल्याकडे स्पर्धा चार दिवसांत उरकते आणि संघात धड पिचर दोनच.

तरी मी पिच, म्हणजे मॅचमध्ये बॅटरकडे फेकलेले चेंडू, मोजत होतो, म्हणून निर्धास्त होतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलची ‘पिच स्मार्ट’ नियमावली मला पाठ होती: १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त १०५ पिच टाकाव्यात, ३१ ते ४५ टाकल्या तर एक दिवस विश्रांती. माझ्या पिचरने ४४ टाकल्या. मी वहीत ४४ लिहिलं.

आता न लिहिलेलं मोजा. मॅचआधी बुलपेनमध्ये ३०. पाच इनिंग, प्रत्येक इनिंगआधी वॉर्मअपचे आठ, म्हणजे ४०. झाले ११४. त्यानंतर मी त्याला कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून पिच झेलणारा, केलं, कारण आमचा कॅचर उन्हाने बसला होता. कॅचर प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकतो, वर सेकंड बेसचे थ्रो वेगळे. दुसऱ्या दिवशी ‘विश्रांती’ म्हणून थर्ड बेसवर फील्डिंगला उभा केला, तिथूनही थ्रो आलेच. पिचरने त्याच मॅचमध्ये कॅचर होऊ नये, हे त्याच नियमावलीत आहे. मी फक्त आकड्यांचा तक्ता वाचला होता.

वॉर्मअपच्या थ्रोचा ताण मॅचच्या पिचपेक्षा कमी असतो, खरं आहे. पण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटला सावरणारे पुढच्या हाताचे स्नायू त्यानेही दमतात. ते दमले की पुढच्या जोरदार पिचचा भार लिगामेंटवर येतो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “सर, हात भरलाय.” मी बर्फ लावला आणि परत माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पाठवला. त्यानंतर कित्येक महिने त्याला चेंडू फेकता आला नाही. भेटायला घरी गेलो तर त्याच्या आईने चहा दिला, बोलल्या काहीच नाहीत. तो चहा अजून आठवतो.

‘ऑपरेशन करून परत येतात की’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी मेजर लीगचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराचं लिगामेंट दुरुस्त केलं, तो परतला १९७६ ला. १९७५ चं अख्खं वर्ष गेलं, तेही व्यावसायिक खेळाडूचं. शेतकऱ्याच्या पोराला ते वर्ष कोण देणार?

घाबरू मात्र नका. महागडी जिम लागत नाही. जोर, बैठका, खांद्यासाठी रबरी ट्यूब आणि छोटे स्प्रिंट एवढ्यावर पहिलं वर्ष भागतं. मे महिन्याच्या उन्हात पिचरला मैदानाचे वीस फेरे मारायला लावणं मला पटत नाही. पिच सेकंदा-दोन सेकंदांत संपते, सराव त्या जातीचा हवा. सोळा वर्षांच्या मुलाला वेग वाढवायला जड चेंडू देणारा कोच दिसला तर तिथून पोराला घेऊन निघा. त्यापेक्षा तालमीतला वस्ताद बरा, पोराची चाल बघून तो थकवा ओळखतो. मी वर्षभर एका वस्तादांच्या शेजारी नुसता बसलो. बी.पी.एड.मध्ये न शिकलेलं तिथं शिकलो.

सीएससीएस या स्ट्रेंथ कोचच्या अमेरिकन परीक्षेला पदवी आणि सीपीआरचं प्रमाणपत्र लागतं. पेपर इंग्रजीत, दोन भागांत, फी डॉलरमध्ये. कर्ज काढून पहिल्याच वर्षी बसू नका, आधी दोन सीझन मैदानावर काढा.

भेटायला याल तेव्हा तुमच्या एका पिचरची आठवड्याची वही आणा. बुलपेन, वॉर्मअप, मॅच, फील्डिंग असे चार रकाने पाडून. मी संध्याकाळी सातनंतर मैदानावरच असतो.