'पूर आला' की 'धरण फुटलं'?

सहावी-सातवीच्या इतिहासाच्या तासाला मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर पानशेतपासून सुरुवात करा. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: '१२ जुलै १९६१ ला पुण्यात पूर आला' आणि '१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं'. दोन्ही सावकाश वाचा. मग एवढंच विचारा, "पहिल्या वाक्यात दोष कुणाचा वाटतो?" मुलं पटकन म्हणतात, पावसाचा! मग सांगा की धरणाचं काम पूर्ण व्हायचं होतं आणि त्यात पहिल्यांदाच पाणी साठवलं जात होतं. आता दुसरं वाक्य पुन्हा वाचा. 'फुटलं' म्हणजे आपोआप? प्रश्न टाकलात की गप्प राहा. हे सर्वांत अवघड, आम्हा शिक्षकांना तर फारच.

नंतर पुराबद्दलचा एखादा छोटा उतारा वाचा, क्रियापदाशी थांबत. नदीकाठच्या पेठेतला दुकानदार, धरणावरचा मजूर, घर वाहून गेल्यावर पूरग्रस्त वसाहतीत गेलेली बाई, यांतलं कोण त्यात बोलतंय? कोण अजिबात नाही? एका वेळी दहा ओळी पुरेत, पानभर वाचलं की मागचे बाक डबा उघडतात. घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा: ते 'पानशेतचा पूर' म्हणतात की आणखी काही?