नुकतं वाचू लागलेल्या मुलांसाठी चोरी कशी रचावी

चोर नंतर ठरवा, आधी काय हरवलं ते ठरवा. त्या वस्तूचं नाव जवळपास प्रत्येक पानावर येणार, म्हणून ते मुलाला अडखळल्याशिवाय वाचता यायला हवं. छत्री आणि पुस्तक बाद, जोडाक्षर आहे. चावी, टोपी, शिटी चालतील. मी पहिली-दुसरीला शिकवते आणि वर्गासाठी हेरकथा लिहिते. माझ्या कथांत नायकसुद्धा 'गुप्तहेर' नसतो, नुसता 'हेर' असतो. पुरावा, ठसा, खूण, चोर हे सगळे शब्द सुदैवाने बिनजोडाक्षरी आहेत. हेरकथेची निम्मी सोय भाषेनेच करून ठेवली आहे म्हणा ना!

समजा, गौरीची शिटी हरवली. पहिल्या दोन पानांवर एवढंच लिहा:

शिटी खिडकीत होती.
शिटीला लाल दोरी होती.
आता खिडकीत शिटी नाही.
काळे पीस आहे!

चोर कावळा आहे. त्याला शिटी नकोच होती, घरट्यासाठी दोरी हवी होती. कावळे काटक्यांबरोबर तारा-दोऱ्याही घरट्यात विणतात, त्यामुळे हे उत्तर थापेबाजीचं वाटत नाही. आणि हे महत्त्वाचं आहे. भूत, जादू किंवा 'ते सगळं स्वप्न होतं' असं सांगून सुटका करून घेतलीत, तर मूल पुढची गोष्ट हातात धरणार नाही.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 साली हेरकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक असा, की हेराला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही. लहान मुलांसाठी मी याच्याही पुढे जाते. प्रत्येक पुरावा निदान दोनदा दाखवायचा, एकदा शब्दांत, एकदा चित्रात. नवशिक्या वाचकाची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते. ओळ संपेपर्यंत सुरुवातीचा शब्द निसटलेला असतो, मग चार पानांमागची लाल दोरी कुठून आठवणार? म्हणून मधल्या एका पानावर गौरीला पुन्हा विचारू द्या, "दोरी कोणाला हवी?" आणि शेजारच्या चित्रात कावळा चोचीत काटकी धरून उडताना दाखवा. त्याच्याबद्दल मजकुरात चकार शब्द नको. ते मुलानेच हेरायचं.

खिडकीखालच्या ओल्या मातीत ठसेच नाहीत, म्हणजे चोर चालत आला नाही, हा पुरावा आपल्याला फार हुशारीचा वाटतो. पण जे नाही त्यावरून निष्कर्ष काढणं या वयात जड जातं. तो ठेवायचा तर ठेवा, मात्र कोडं त्यावर अडवू नका. पीस दिसतं, मोजता येतं, बोट ठेवून दाखवता येतं.

संशयित तीन पुरेत. इथे कावळा, मांजर आणि शिटीच्या आवाजाला वैतागलेला दादा. दिशाभूल करायची ती एकट्या दादावरून. त्याच्या खिशातून काहीतरी लाल डोकावू द्या आणि पुढच्या पानावर तो रुमाल निघू द्या. 'रुमाल' वाचता आला की दादा सुटला! अशी गंमत वाचूनच कळते, नुसतं ऐकून तेवढी येत नाही.

आकाराचं सोपं आहे. चार कोरे कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की 16 पानांची पुस्तिका होते. पानावर आठ-दहा शब्द, अक्षर मोठं, ओळींमध्ये भरपूर जागा. ओळ मोडताना 'काळे' वर आणि 'पीस' खाली असं करू नका. एकत्र कळणारे शब्द एकाच ओळीत राहू द्या. बोलण्यातलं 'काळं' लिहायचं की पुस्तकी 'काळे', हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

मग एका मुलाला पुस्तिका द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. बोट जिथे थबकेल तो शब्द बदला. उत्तर दिसण्याआधी मूल आपणहून मागची पानं चाळायला लागलं, तर कोडं जमलं. शेवटचं पान येईपर्यंत एकदाही मागे वळलं नाही, तर पुरावे एक तर फार उघडे आहेत किंवा फार दडलेले. मुलाला विचारा, "चोर कोण ते केव्हा कळलं?" पहिल्या दोन पानांतच कळलं असेल, तर पीस तिसऱ्या-चौथ्या पानावर ढकला.