मागच्या स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवताय? या चुका टाळा

प्रीमियर 118 एनईच्या मागच्या स्प्रिंगा बदलणं फारसं अवघड नाही, आणि गोची तिथेच होते. पद्मिनीला मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. ही मात्र फियाट 124 च्या घराण्यातली. मागे सलग अ‍ॅक्सल, त्यावर दोन कॉइल स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घ्यायची, अ‍ॅक्सलला जॅकचा आधार द्यायचा, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची खालची टोकं सोडायची, जॅक हळूहळू उतरवायचा, की स्प्रिंग हातात येते. सकाळी सुरू केलेलं काम जेवणाआधी संपतं. मग पुढचे सहा महिने आवाज शोधण्यात जातात.

पहिली चूक म्हणजे न मोजता पाना उचलणं. गाडी सपाट जागी, डिकी रिकामी, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवा. तीस-पस्तीस वर्षांच्या स्प्रिंगा मुळातच दबलेल्या असतात. गाडी आधीच 20 मिलिमीटर बसली असेल, तर कंपनीच्या उंचीपेक्षा 30 मिलिमीटर आखूड स्प्रिंग टाकून नजरेला फरक दिसणार फक्त 10 चा. मग लोक म्हणतात, माल खोटा निघाला.

दुसरी चूक आपल्याकडची लाडकी: जुनीच स्प्रिंग कापणं. सात कामाचे (दबणारे) वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला की ती सुमारे 17 टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात बदलतो. गाडी खाली येते आणि कंबरही मोडते. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं, आणि डावी-उजवी बाजू सारखी बसेल याची शाश्वती नाही. शिवाय आखूड स्प्रिंग अ‍ॅक्सल पूर्ण लटकल्यावर वाटीत (बसायच्या जागेत) सैल पडते. जॅकवर हाताने हलवून बघा. हलली तर खड्ड्यातून चाक उचललं जाताना ती निसटूही शकते.

आता माझी फजिती. नव्या स्प्रिंगा, सांध्यांतले नवे रबरी बुश, सगळं मनासारखं, आणि गाडी मागून उंचच. दोनदा स्प्रिंगा काढून रबरं तपासली. दोष निघाला बोल्टांत. मिस्त्रीने अ‍ॅक्सलला गाडीशी जोडणाऱ्या आर्मचे (दांड्यांचे) बोल्ट गाडी घोड्यांवर असतानाच आवळले होते. या बुशमधली लोखंडी नळी बोल्ट आवळला की जागच्या जागी धरली जाते, आणि अ‍ॅक्सल हलला की फक्त रबर पिळतं. हवेत आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते पिळलेलंच राहतं, गाडीला वर ढकलत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मी चाकं जमिनीवर ठेवून चारही बोल्ट सैल केले, तेव्हा खालून ‘कर्र’ असा आवाज आला आणि मागची बाजू माझ्या डोळ्यांसमोर बोटभर खाली बसली. तिथेच पुन्हा आवळले. तेव्हापासून बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं टेकल्यावरच. खाली हात पुरत नसेल तर चाकं रॅम्पवर चढवा.

बाकीचं झटपट. अ‍ॅक्सल ब्रेकच्या रबरी नळीवर कधीही लटकवू नका. बंप स्टॉप (अ‍ॅक्सल फार वर आला की त्याला अडवणारा रबरी ठोकळा) आणि अ‍ॅक्सलमध्ये उरलेली फट मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, पण आपल्या गल्लीतला कुणी फूटपट्टी घेऊन बांधलेला नसतो. गाडी खाली आल्यावर पॅनहार्ड रॉडचा कोन बदलतो आणि अ‍ॅक्सल किंचित एका बाजूला जातो, म्हणून दोन्ही टायर आणि मडगार्ड यांतलं अंतर ताडून पाहा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह दांड्याने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. तो नव्या उंचीला लावून घेतला नाही, तर गाडीत माल भरलाय असं समजून तो मागे जास्त दाब सोडतो आणि पावसात मागची चाकं आधी लॉक होतात. हेडलाइटही पुन्हा लावा, नाहीतर समोरचा शिव्या घालेल.

दोनेकशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजा. गतिरोधकावरून उतरताना एकदाच ‘टक्’ वाजलं, तर स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलेलं नाही. मागे माणसं बसल्यावरच ‘धप्’ होत असेल, तर बंप स्टॉप आपटतोय. वळणावर मागून ‘कटकट’ आली, तर पॅनहार्ड रॉडच्या बोल्टापासून सुरुवात करा.